देशाचा रकाना

विंबल्डनच्या जुन्या नोंदी चाळताना यारोस्लाव ड्रॉब्नी या नावापाशी माझे बोट हटकून थबकते. कारण १९३८ साली चेकोस्लोव्हाकिया, १९३९ साली जर्मनांच्या अमलाखालचा बोहेमिया-मोरेव्हिया, पुढे इजिप्त आणि शेवटी ब्रिटन अशी चार राष्ट्रे ज्याच्या नावापुढे लागली, त्याचा खेळ मात्र आरंभापासून अखेरपर्यंत त्याच डाव्या हाताचा होता.

प्रागमधील एका टेनिस क्लबाच्या मैदानाची निगराणी करणाऱ्या माणसाचा हा मुलगा चेंडू वेचता वेचता खेळ शिकला. हिवाळ्यात तो बर्फावरील हॉकी खेळे, आणि त्या खेळाने त्याला १९४८ च्या ऑलिंपिकमधील रौप्यपदकाबरोबर डोळ्याची दुखापत व जन्माचा चष्माही दिला. पुढल्याच वर्षी, विंबल्डनची अंतिम लढत नुकतीच हरलेला असताना, स्वित्झर्लंडमधील ग्श्टाड येथे स्पर्धा सोडून मायदेशी परतण्याचा सरकारी हुकूम आला. तो त्याने व त्याचा सहकारी व्लादिमिर चेर्निक याने धुडकावला आणि ते दोघे बिनमुलखाचे झाले. आश्रय दिला तो इजिप्तने. त्या वेळी तेथे राजा फारूकची अमदानी होती. ती १९५२ साली संपुष्टात आली, परंतु पाहुण्याचा परवाना नव्या राजवटीने रद्द केला नाही, हे तिच्या पदरी जमा धरले पाहिजे.

लोक त्याच्या १९५४ च्या विंबल्डन विजयाचे गोडवे गातात. मला मात्र १९५३ सालची तिथलीच बज पॅटी या खेळाडूविरुद्धची झुंज अधिक मोलाची वाटते. ८-६, १६-१८, ३-६, ८-६, १२-१० असे ते आकडे. म्हणजे ९३ गेम आणि चार तासांहून अधिक काळ, सायंकाळचा प्रकाश मंदावेपर्यंत. जिंकण्यास केवळ एक गुण उणा अशी संधी पॅटीला सहा वेळा लाभली आणि सहाही वेळा ड्रॉब्नीने ती हिरावली. एवढे करून पदरात काय पडले? उपान्त्य फेरीत, दुखऱ्या पायाने, कर्ट नील्सनकडून पराभव. ज्याच्या मागे मायदेशाचा ना दूतावास ना झेंडा, त्याने सहा वेळा हार नाकारावी, यातील हट्ट मला पदकांहून थोर वाटतो. कोणी यास केवळ दैवयोग म्हणेल, त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

पुढील वर्षी त्याला मानांकन मिळाले अकरावे. बत्तिसाव्या वर्षी, एकोणीस वर्षांच्या केन रोझवॉलला १३-११, ४-६, ६-२, ९-७ असे नमवून तो जिंकला, तेव्हा इंग्रज प्रेक्षकांनी केलेल्या जयघोषात अनेकांना निर्वासिताविषयीची करुणा दिसली. मला तसे वाटत नाही. १९४९ आणि १९५२ या दोन्ही अंतिम सामन्यांत त्याला हरताना ज्यांनी पाहिले, त्यांना त्याच्या खेळाची किंमत पारपत्र न तपासताही ठाऊक होती. ब्रिटनचे नागरिकत्व त्याला १९५९ साली मिळाले, म्हणजे हे विजेतेपद मिळवून झाल्यावर. त्यामुळे विंबल्डनच्या एकेरीतील इजिप्तचे एकमेव विजेतेपद आजही प्रागच्या या सुपुत्राच्या नावे नोंदलेले आहे.