चुकल्याचुकल्यासारखे

गोंदियाच्या स्थानकात चार दिशांचे लोहमार्ग मिळतात. तेव्हा गाडी चुकणे म्हणजे काय, हे आम्हां गोंदियाकरांस कोणी शिकवावयास नको. या चुकण्यास इंग्रज ‘मिस’ म्हणतो. जुन्या इंग्रजीत हा धातू ‘मिस्सन’ असा होता आणि त्याचा अर्थ नेम हुकणे. पुढे १५व्या शतकाच्या उत्तरार्धात त्यास एक हळवा अर्थ येऊन मिळाला : कोणाची उणीव मनास लागणे.

मौज ही की, आमच्या ‘चुकणे’ या धातूनेही हाच प्रवास केला आहे. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते. आणि घरचे माणूस दूर गेले म्हणजे ‘चुकल्याचुकल्यासारखे’ वाटते. मग उसना शब्द कशाला, असे कोणी विचारील. परंतु माझी तक्रार ‘मिस’विषयी नाही, त्यास जोडलेल्या ‘करणे’विषयी आहे.

पुण्यास शिकणारी आमची कन्या लिहिते, “बाबा, मी तुम्हांला मिस करते.” तिच्या मायेविषयी शंका नाही. पण ‘करते’ म्हटले की ते एक काम झाले. अभ्यास करावा, स्वयंपाक करावा, तसे. मराठीत मात्र ‘मला’ चुकल्यासारखे वाटते. येथे मी कर्ता नव्हे. विरह कोणी करीत नाही, तो होतो.

ती गेल्यापासून पाने वाढताना तिच्या आईचा हात अजून चौथ्या ताटाकडे जातो आणि तेथेच थबकतो. त्या थबकण्यास ‘करणे’ कसे म्हणावे?