माईंचं खतखतं

माझं माहेर पुण्याचं, सासर साखळीचं. रुखवतात आईनं 'रुचिरा' ठेवलं होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 साली आलं. मापं वाटी-चमच्यातली, त्यामुळे माझ्यासारख्या, साधं वरणही न लावलेल्या मुलींची मोठी सोय झाली. साखळीला आल्यावर मात्र महिन्याभरात ते कपाटात गेलं. माईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, स्वयंपाकघरात वाटी हे माप नव्हतंच. गूळ किती घालू? "मातशें." मीठ? "मातशें." खोबरं? "मातशें चड." मातशें म्हणजे थोडंसं, एवढं मला दुसऱ्या दिवशीच कळलं. थोडंसं म्हणजे किती, हे कळायला दहा वर्षं लागली.

पहिल्या चवथीला माईंनी खतखतं केलं तेव्हा मी कढल्यात तेल घेऊन उभी होते. फोडणी कधी घालायची विचारलं, तर सगळ्या हसायला लागल्या. खतखत्याला फोडणी नसतेच. कांदा नाही, लसूण नाही. तूरडाळ, सुरण, माडी, कोनफळ, रताळं, नीरफणस, शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस, जे मिळेल ते, आणि त्यात खोबऱ्याचं वाटण, गूळ, सोलां. शेवटी तेफळं. तेफळातलं काळं बी काढून टाकतात आणि वरचं साल वापरतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपली एक अख्खं चावून बसले. त्यानंतर पंधरा मिनिटं माझी जीभ माझी नव्हती.

हे सगळं साखळीच्या सोमवारच्या बाजारात मिळतं. सत्तरीच्या गावांतून बायका येतात, गोणपाटावर कंदांचे वांटे लावून बसतात. वांटो म्हणजे ढीग. तिथे तराजू नाही, ढिगाला पैसे. माई ढिगाकडे नुसतं बघून सांगायच्या, यातलं एक चांगलं शिजणार नाही. आणि ते खरंच शिजायचं नाही.

आता माई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. हात थरथरतो, विळीवर बसवत नाही. नणंदेची मुलगी जर्मनीत असते. गेल्या वर्षी तिनं फोन केला, "मामी, इथल्या गणपतीला मी खतखतं करणार आहे. आजीची कृती नीट लिहून पाठव. मातशें नको, ग्रॅममध्ये हवं."

मला उत्साह आला. वजनाचा छोटा काटा आणला. माईंना खुर्चीवर बसवलं आणि त्या सांगतील तसं एकेक घातलं, पण काट्यावर ठेवून. डाळ 1 वाटी, भाज्या चिरून सगळ्या मिळून 1 किलो, ओलं खोबरं दीड वाटी, सुक्या मिरच्या 6 (आमच्याकडे हरमलच्या, तिकडे ब्याडगी चालेल), अर्धा चमचा हळद, तेफळं 12, सोलां 6, गूळ 40 ग्रॅम. कठीण कंद आधी, मऊ नंतर. तेफळं थोड्या पाण्यात ठेचून शेवटी घालायची, वाटायची नाहीत, नाहीतर कडू होतं. तेफळं तिकडे मिळाली नाहीत तर चिनी दुकानातलं सिचुआन मिरं घे, ते तेफळाच्याच कुळातलं आहे, जीभ तशीच झिणझिणते, असंही मी हुशारीनं लिहिलं. खाली लिहिलं, "आजीची कृती, मोजून घेतलेली." पान इतकं नेटकं झालं होतं की मी त्याचा फोटो माझ्या बहिणीलाही पाठवला.

रविवारी रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला. बावीस माणसं जेवायला होती. चव छान होती म्हणे. पण दोन घास झाले आणि एकेकाचा घसा खाजायला लागला. एक सहा वर्षांचा मुलगा तर रडायलाच लागला, त्याच्या आईनं त्याला दूध पाजलं, दही चाटवलं, तासाभरानं तो शांत झाला. कोणी तिला काही बोललं नाही. पातेलं मात्र भरलेलंच घरी परत आलं. "मामी, तू लिहिलंस तस्संच केलं ग मी."

तिनं तस्संच केलं होतं, हेच तर दुःख. सुरण आणि माडीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. हे मलाही माहीत होतं. घरात कधी खाजलं नाही म्हणून आठवलं नाही.

सकाळी मी माईंच्या खोलीत गेले. चहाचा कप त्यांच्या हातात होता. विचारलं, "माई, सुरण चिरल्यावर तुम्ही काही करायचात का?"

"सोलांच्या उदकांत घालप. ना जाल्यार खाजतलें मगे."

"मग तुम्ही मला सांगितलं कसं नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुवें विचारलेंच ना."

मला आधी राग आला. मग आठवलं, मी काटा घेऊन बसले त्या दिवशी सुरण आणि माडी चिरून, आंबट पाण्यातून काढून, निथळून परातीत तयार होती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ते सकाळीच केलं होतं, माईंनीच शिकवलेलं. माझ्या लेखी कृती सुरू झाली ती काटा आल्यावर. माईंच्या लेखी चिरणं हे वेगळं काम, करणं वेगळं, आणि मी फक्त करण्याबद्दल विचारलं होतं.

पुढच्या सोमवारी मी बाजारातून सुरण आणलं आणि सकाळी सहाला माईंसमोर विळी घेऊन बसले. काटा आत ठेवला. या वेळी त्या बोलत गेल्या आणि मध्येमध्ये थांबून मी लिहीत गेले. हाताला खोबरेल लाव. आधी धुवू नको, कोरडंच सोल, ओल्या हाताला जास्त लागतं. साल जाड काढ. फोडी केल्या की सोलांच्या पाण्यात अर्धा तास, मग ते पाणी टाकून दे, शिजवायला नवीन घे. फोड बोटानं दाबली की विरली पाहिजे, अर्धी कच्ची चालणार नाही. आणि सोलां शेवटी नाही घालायची, कंद शिजतानाच दोन टाकायची, उरलेली नंतर. पहिल्या कागदावर हे एका ओळीत होतं: "सोलां 6".

नवीन कृती तीन पानं झाली. भाचीला पाठवली आणि सोबत लिहिलं की चूक तुझी नव्हती, माझी होती, त्या मुलाच्या आईलाही तसं सांग. तिनं सांगितलं. त्या बाईंनी उलट निरोप पाठवला की त्यांच्या घरीही अळूला चिंच लावतात, त्याच वेळी विचारायला हवं होतं.

दिवाळीला भाचीनं परत केलं, चार माणसांपुरतं, आधी स्वतः एक फोड खाऊन. फोटो माईंना दाखवला. त्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाल्या, "रंग फिको दिसता. हळद मातशी उणी पडली."