निलगिरीच्या माहेरी

लहानपणी सर्दी झाली की अम्मी रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकून द्यायची. अब्बा मात्र त्याच झाडाला नावे ठेवत. "बांधावर निलगिरी लावली की विहीर आटते," असे ते म्हणत. त्यामुळे या झाडाविषयी माझ्या मनात कायम अढी होती.

ती सुटली ऑस्ट्रेलियात. आपा सिडनीला राहते. तिच्याबरोबर आम्ही रेल्वेने दोन तासांवरच्या कटुंबा गावी गेलो. इथल्या डोंगररांगांना ब्लू माउंटन्स, म्हणजे निळे डोंगर म्हणतात. निलगिरीच्या पानांतून उडणाऱ्या तेलाचा या निळाईत मोठा वाटा आहे, असे मानतात. इंग्रजांनी हे झाड आपल्या दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांत लावले आणि आपण झाडालाच डोंगराचे नाव दिले. त्याच्या माहेरीही निळेच डोंगर भेटले, याची गंमत वाटली!

इथे निलगिरीचे नव्वदच्या आसपास प्रकार आहेत. एकाच्या गुळगुळीत खोडावर तपकिरी नागमोडी रेघा दिसल्या, जणू कुणी घाईत उर्दू घसीट लिहिली आहे. सालीखाली राहणाऱ्या एका पतंगाच्या अळीची ती वाट असते.

पुढे मात्र खोडे काळी होती. 2019-20 च्या वणव्यात हा मुलूख होरपळला. "सिडनीतही दारे-खिडक्या लावून बसायचो. वाटले, आता इथे काही उरणार नाही," आपा म्हणाली. पण त्या काळ्या खोडांवर थेट बुंध्यापासून हिरवे झुबके फुटले होते. जाड सालीखाली कोंब निजलेले असतात. शेंडा जळाला की ते जागे होतात. काही जातींच्या बुडाशी लाकडाची गाठ असते. वरचे सारे जळाले तरी तिच्यातून नवे धुमारे येतात.

तरीही या सोसण्याला मर्यादा आहे. इथलीच एक उंच जात मोठ्या आगीत मरते आणि फक्त बियांतून पुन्हा उगवते. रोपे मोठी होऊन बी धरण्याआधीच दुसरा वणवा आला, तर वंशच खुंटतो. हवामान तापते आहे, तसा हा धोका वाढतो आहे.

मला वाटले, दोष झाडाचा नव्हता. त्याला कुठे आणि किती लावायचे, हे आपल्याला कळले नाही.

परतताना आपाने खाली पडलेले एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरले. अम्मीच्या रुमालाचा वास आला.