शोध लावणे आणि शोध लागणे

इंग्रजी शिकलेल्या माणसास मराठी भाषेच्या दारिद्र्याची जी काही उदाहरणे तोंडपाठ असतात, त्यांत 'शोध' हा शब्द बहुधा पहिला असतो. जे आधीपासून होते ते उघड करणे यास इंग्रजीत एक शब्द, जे नव्हते ते निर्माण करणे यास दुसरा, आणि नुसते हुडकीत हिंडणे यास तिसरा. आपण मात्र न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला म्हणतो, एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला म्हणतो, आणि हरवलेल्या बैलाचाही शोधच घेतो. हा आक्षेप आम्ही वर्गात आणि वर्गाबाहेर पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहो. परंतु आक्षेप घेणारे नामाकडे पाहतात, क्रियापदाकडे पाहत नाहीत. मराठीत शोध घेता येतो, शोध लावता येतो, आणि शोध लागतोही. 'लावला' म्हटले की कोणी लावला हे सांगणे प्राप्त होते. 'लागला' म्हटले की कोणास लागला, असा प्रश्न उभा राहतो. आमच्या मते हा भेद इंग्रजीतील भेदाहून कमी मोलाचा नाही. आणि त्याची प्रचीती पाहण्यास मोहाडीच्या आसपासचा मुलूख पुरेसा आहे.

मोहाडी हे भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना लागणारे तालुक्याचे गाव. चौंडेश्वरीच्या देवळामुळे नवरात्रात ते गजबजते. एरव्ही धानाच्या बांध्या, तळी आणि वैनगंगा एवढेच येथले वैभव, असे पाहुण्यास वाटते. येथला विद्यार्थी कोलंबसाच्या तीनही गलबतांची नावे सांगतो. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, हेही त्यास ठाऊक असते. परंतु डोंगरी बुजुर्गचे काळे खनिज विजेच्या सुक्या घटात वापरले जाते, म्हणजे शेतावर रात्री पाणी देण्यास निघालेल्या शेतकऱ्याच्या हातातील बॅटरीत शेजारच्याच डोंगराची माती असू शकते, हे सांगितले की तो चमकतो. ह्याच मँगनीजचा अभ्यास करून फर्मर नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि मँगनीजयुक्त गार्नेट व गारगोटी यांनी बनलेल्या एका खडकास 'गोंडाइट' असे नाव दिले. त्यापूर्वीच मेडलिकॉटने १८७२ साली येथल्या जुन्या खडकांच्या थरांस 'गोंडवाना' म्हटले होते, आणि १८८५ साली स्यूस याने तेच नाव एका लुप्त महाखंडास दिले. गोंडांचे वन ते गोंडवन. त्यास पुन्हा 'लँड' जोडणे म्हणजे पिवळा पीतांबरच! पण ते असो. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका ज्याच्या पोटात सामावतात त्या खंडास आपल्या जमातीचे नाव मिळाल्याची वार्ता ज्या गोंडांपर्यंत पोहोचली नाही, त्यांच्या दृष्टीने हा शोध लागला असे म्हणता येईल काय?

संगीतातले उदाहरण आम्हांस याहून गोड वाटते. चंद्रशेखर वेंकट रामन हे सरकारी हिशेबखात्यात असताना १९१० साली त्यांची बदली नागपुरास झाली होती. वर्ष पुरे होण्यापूर्वीच ते कलकत्त्यास गेले, आणि तेथून १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' पत्रात भारतीय चर्मवाद्यांवर एक टिपण प्रसिद्ध केले. विषय असा: तार छेडली असता मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर सूक्ष्मपणे निघतात, आणि ह्या पूर्ण पटींमुळेच कानास सूर लागल्याचे समाधान होते. ताणलेल्या साध्या कातड्याचे तसे नाही. त्यावर थाप मारली असता निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा अपूर्ण पटींत येतात. म्हणून बहुतेक ढोलांतून नाद येतो, सूर येत नाही. मग तबला षड्जात मिळतो कसा? त्याचे उत्तर पुडीच्या मध्यभागी असलेल्या काळ्या शाईत आहे. त्या वजनाने कातड्याची कंपने अशी काही आवरली जातात की मूळ स्वर व त्यावरचे चार उपस्वर पूर्ण पटींत येऊन बसतात. रामन यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून कोणत्या थापेने कोणता भाग हलतो आणि कोणता स्थिर राहतो, हे डोळ्यांस दिसेल असे केले. १९३४ साली त्यांनी ह्याच विषयावर विस्तृत निबंध लिहिला.

ही शाई कशाची असते? लोखंडाची बारीक पूड, काजळी आणि भाताची खळ. ज्या भाताची आमच्या जिल्ह्यात ददात नाही, त्याच भाताची. कारागीर तिचा एकेक पातळ थर देतो आणि दगडाने घोटतो. घोटता घोटता तीत बारीक भेगा पडतात, आणि म्हणूनच ती कडक असूनही कातड्याबरोबर लवते. थर कोठे थांबवावा हे त्यास कान सांगतो. डग्ग्याची शाई मात्र तो जाणूनबुजून एका बाजूस देतो. 'तबल्याच्या शाईचा शोध रामन यांनी लावला' असे वाक्य एका उत्तरपत्रिकेत आले होते, त्यास आम्ही गुण दिले नाहीत. शोध लावला तो पुडी मढवणाऱ्या अनामिक हातांनी. रामन यांस त्याचे कारण लागले. खुद्द रामन यांनीही प्राचीनांच्या नादज्ञानास मोकळ्या मनाने श्रेय दिले आहे.

येथवरच्या गोष्टी चहाच्या वेळी सांगण्याजोग्या आहेत. पुढची तशी नाही.

भंडारा जिल्हा त्या काळी मध्यप्रदेश राज्यात होता. (१९५६ साली तो मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात; जागचा न हलता त्याने तीन राज्ये पाहिली.) १९५४ साली भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्य होता, म्हणजे एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव, आणि प्रत्येक मतदारास दोन मते. ही पद्धत पुढे १९६१ च्या कायद्याने बंद झाली. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, आणि पराभूत झाले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९५२ साली मुंबईत नारायण काजरोळकरांकडून त्यांचा पराभव झालाच होता, हा दुसरा. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष राज्यसभेत बसले, परंतु लोकसभेत त्यांस मतदारांनी कधीच पाठविले नाही. आमच्या जिल्ह्याने हे केले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. पराभवाच्या कारणांची मीमांसा आम्ही येथे करीत नाही. ती केली म्हणजे जो तो आपल्या पक्षाची बाजू घेऊन उठतो.

ह्या पराभवानंतर अडीच वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरास लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूरच का, ह्याचे उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले. ह्या प्रदेशात नाग लोकांची वस्ती होती, त्यांनीच बौद्ध धर्माचा प्रसार केला, आणि नाग नदी त्यांच्याच नावाने वाहते, असे त्यांचे म्हणणे. इतिहासाचे कित्येक पंडित ह्यावर हसले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेब निवर्तले.

त्यानंतर तेरा वर्षांनी, १९६९-७० च्या हंगामात, नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते ह्यांनी आमच्याच जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी पवनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी हे त्याचे चालक. जगन्नाथ टेकडी म्हणून लोक ज्या उंचवट्यास ओळखत, तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याचे दगड निघाले. त्यांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे होती. आणि एका स्तंभावर फणा उभारलेला नाग होता, त्याचे नावही तेथेच कोरलेले: मुचलिंद. बोधिप्राप्तीनंतर पाऊसवाऱ्यात बुद्धावर आपला फणा धरणारा तो नागराज.

आम्ही पेशाने शिक्षक असल्यामुळे येथे एक सावधगिरीची सूचना देणे भाग आहे. मुचलिंद ही कथा भारतभर प्रचलित होती. पवनीस ती कोरलेली सापडली म्हणून बाबासाहेबांचा नाग लोकांविषयीचा सिद्धान्त सिद्ध झाला, असे होत नाही. जुळणे हा पुरावा नव्हे. पण ज्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांनी नुकताच हा धर्म स्वीकारला होता, आणि ज्यांस 'हा धर्म तुमचा कधीपासून?' असे भर चावडीवर विचारले जात होते, त्यांच्या गावाजवळची टेकडी आपण होऊन बोलू लागली, तेव्हा त्यांस काय वाटले असेल, ह्याचे मोजमाप कोणत्याही उत्खननाच्या अहवालात मिळावयाचे नाही.

आमचे एक इतिहासाचे सहाध्यापक 'पवनीच्या स्तूपाचा शोध लावला' असेच लिहावे, म्हणून हट्ट धरतात. त्यांचे म्हणणे असे की, उन्हात बसून ब्रशाने एकेक वीट मोकळी करणाऱ्यांच्या श्रमास 'लागला' म्हणणे हा अन्याय आहे. रस्त्यात पैसा सापडावा तसा स्तूप सापडत नाही. हे आम्ही नाकबूल करीत नाही. परंतु 'लावला' म्हटले की वाक्य देव आणि जोशी यांच्या नावांशी संपते, आणि बुद्धपौर्णिमेस मोहाडीहून, तुमसरहून बसने पवनीस जाणारी जी माणसे आम्ही पाहिली, ती त्या वाक्यात कोठेच बसत नाहीत. महाविद्यालयाच्या वार्षिकात गेल्या वर्षी त्यांचा लेख आला, तेव्हा मुद्रिते आमच्याकडे होती. आम्ही 'लावला' खोडून 'लागला' केले. त्यांनी दुसऱ्या मुद्रितात ते पुन्हा 'लावला' केले. छापून काय आले ते वाचकांनी वार्षिक मागवून पाहावे.