परक्या घरच्या बाटल्या

अकोल्याच्या जुन्या शहरात राहून मी वर्षानुवर्षं इथलीच चित्रं काढली. आमचं घर मात्र त्यांत कधी येऊ दिलं नाही. असदगडाचे बुरूज काढले, मोर्णेचा काठ काढला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या कावडी काढल्या. पाहुण्याला अभिमानानं दाखवावं तेच चित्रात यावं, असं मी धरून चाललो होतो. उन्हाळ्यात माय कणकेच्या वळ्या काडीवर गुंडाळून सरगुंडे करत बसलेली असे. तिला वळसा घालून मी गडाकडे निघे.

त्याच काळात मित्रांपुढे मी मोरांदीवर तासन् तास बोलत असे. हा इटालियन चित्रकार बोलोन्यातल्या आपल्या घरात बसून आयुष्यभर बाटल्या, सुरया, डबे रंगवत राहिला, याचं मला केवढं अप्रूप! म्हणजे साध्या वस्तूंचं मला वावडं नव्हतंच. वावडं होतं आमच्या घराचं.

तडा गेला तो उद्धव शेळक्यांच्या ‘धग’नं. १९६० सालची ही कादंबरी मी फार उशिरा हाती घेतली. तिची नायिका कौतिक बोलू लागली आणि मला मायच ऐकू आली. तीच वऱ्हाडी, तोच तोडून टाकणारा सूर. पाहुणे आले की मायनं आतच बसावं, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. तिची बोली ऐकून लोक मला खेडवळ म्हणतील, ही भीती. शेळक्यांनी मात्र एका शिंप्याचं गरीब बिऱ्हाड आणि त्यात राबणारी बाई हीच कादंबरी केली, आणि तिच्या तोंडची बोली तिच्याच तोंडी राहू दिली. कौतिकसाठी माझे डोळे भरून येत होते, आणि तिच्यासारखं बोलणारी बाई माझ्या शब्दाखातर आतल्या खोलीत गप्प बसत आली होती. इतका कोता होतो मी. पुढचं पान वाचवेना. वही-पेन्सिल घेऊन आत गेलो.

मायचा हात काढणं बुरुजापेक्षा अवघड गेलं. कणकेची बारीक लांब वळी काडीवर चढत होती, बोटं क्षणभर थांबत नव्हती. माझ्या रेषा मागे पडत होत्या.

“माया हाताचं चितर कायले काढतं?” तिनं विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही.

आता ती पाहुण्यांत बसते, मोठ्यानं बोलते. तिच्या हातांची चित्रं भिंतीवर आहेत. माफी मात्र मी अजून मागितलेली नाही. चित्रांतून ती मागून झाली, असं मध्यंतरी मनाला समजावलं होतं. ते खरं नाही.