परळच्या डॉ. सेनांचे तीन तास

बीडकडच्या गेवराईत कुणाच्या हृदयाची झडप खराब निघाली, की आधी संभाजीनगर आणि तिथे निभावलं नाही तर मुंबई. मुंबई म्हणजे परळचं के. ई. एम. इस्पितळ. केसपेपरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसांना डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे नाव ठाऊक असायचं कारण नाही. पण हृदयावर शस्त्रक्रिया होते आणि तीही पालिकेच्या इस्पितळात, हा भरवसा ज्यांनी उभा केला त्यांत सेन पुढे होते.

1915 साली कलकत्त्यात जन्मलेला हा सर्जन घडला मुंबईत. त्याच्याकडे येणाऱ्या रुग्णांची कहाणी बहुधा एकच: लहानपणी ताप येतो, सांधे धरतात, घरचे विसरून जातात. पुढे ऐन तारुण्यात धाप लागते आणि कळतं, झडप आक्रसली आहे. बहुतेककरून गरिबाघरचा हा आजार. 1950च्या दशकात सेन धडधडत्या हृदयात बोट घालून, आतलं काही दिसत नसताना, नुसत्या स्पर्शावर ती चिकटलेली झडप मोकळी करत.

3 डिसेंबर 1967 ला केपटाऊनमध्ये सर्जन बर्नार्ड यांनी जगात पहिल्यांदा माणसाचं हृदय माणसाला बसवलं आणि रातोरात ते जगभर गाजले. सेनांनी त्याआधीच कुत्र्यांवर प्रयोग केले होते. 16 फेब्रुवारी 1968 ला त्यांनी के. ई. एम.मध्ये माणसाचं हृदय बदललं: जगातलं सहावं, आशियातलं पहिलं. रुग्ण तीन तास जगला. सप्टेंबरात पुन्हा प्रयत्न केला. तोही रुग्ण काही तासांतच गेला. याला अपयश म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मेंदू मेला पण हृदय धडधडतंय अशा माणसाचं हृदय घेऊ देणारा मेंदूमृत्यूचा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हता, शरीर परकं हृदय नाकारतं त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. बर्नार्डचा पहिला रुग्णही अठराच दिवस जगला. पण त्याला कुणी अपयश म्हणत नाही!

सेन 1982 साली गेले. मेंदूमृत्यूचा कायदा 1994 मध्ये आला आणि त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांना हृदय बदलण्यात यश मिळालं. मुंबईला मात्र 2015 उजाडेपर्यंत थांबावं लागलं, आणि तेही खासगी इस्पितळात. पुढच्याच वर्षी औरंगाबादेहून, म्हणजे आताच्या संभाजीनगरहून, एक हृदय विमानाने मुंबईला गेलं. काढलेलं हृदय चारेक तासांत बसवावं लागतं. आपल्या गाडीरस्त्याने ते जमलं नसतं.

के. ई. एम.मध्ये पुन्हा हृदय बदललं गेलं ते 2024 मध्ये. मधली 56 वर्षं ज्यांना खासगी बिल झेपत नव्हतं, त्यांच्यासाठी पालिकेचं ते दार बंदच होतं.