द्वादशीची गाडी

वारीला निघणाऱ्याला सल्ल्यांची कधी वाण पडत नाही. पायांना काय चोळावं, पिशवीत कपडे किती घ्यावेत, दिवे घाटाच्या आदल्या रात्री किती जेवावं, हे सांगणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. पंढरपूरला पोचल्यावर घरी कसं यायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. महाराष्ट्रातल्या माणसाला तो प्रश्न पडतही नाही म्हणा. दिंडीचा ट्रक असतो, एस.टी. असते, नाहीतर भाचा जीप घेऊन येतो. प्रश्न पडतो दिल्लीकराला.

गाझियाबादच्या वैशालीत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका या विषयातल्या जाणकार आहेत. दिंडीत त्यांना ‘दिल्लीच्या माउली’ म्हणतात. आपण नुसतं बाई म्हणू. बाईंचा जन्म दिल्लीतला. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, घर रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि गावी जाणं येणं सगळं एलटीसीच्या हिशेबावर बेतलेलं. आजी माळकरी. ती गावच्या दिंडीबरोबर पायी पंढरपूरला जायची, आणि घरचे लोक परस्पर तिथे पोचून तिला दिल्लीला घेऊन यायचे. त्यामुळे या मुलीला वारी कळली ती शेवटाकडून. आळंदी, जेजुरी, वाखरीचं रिंगण हे सगळं पुष्कळ नंतर. आधी कळलं ते कुर्डुवाडी स्टेशन.

पंढरपूरहून कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी लाइटची छोटी गाडी होती, अडीच फुटी रुळांवरची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शीपर्यंत ती सुरू केली, आणि १९०६ मध्ये तिचा फाटा पंढरपूरला पोचला. रेल्वेचा इतिहास लिहिणारे तिच्या डब्यांच्या बांधणीचं फार कौतुक करतात. ते रास्तच आहे, पण यात्रेच्या दिवशी त्या डब्यात शिरलेल्या माणसाला बांधणी दिसत नसे, समोरच्याचं गाठोडं दिसे. अडीचशे किलोमीटर चालून आलेली आजी या पन्नासेक किलोमीटरनंच थकायची. “चालताना पाय दुखतात, बसल्यावर सुजतात,” असं ती म्हणे, आणि कुर्डुवाडीच्या फलाटावर पाय लांब करून बसे. पुढे मोठ्या रुळांची गाडी, दौंडला बदल, मनमाडला पंजाब मेल.

त्या मेलमधल्या जागेचं काय झालंय, हे मनमाडला पोचेपर्यंत कुणालाच ठाऊक नसायचं. वडील दिल्लीच्या खिडकीवर जाण्याचं आरक्षण काढायचे. परतीच्या आरक्षणासाठी स्टेशनवरून पुढच्या स्टेशनला तार जायची. तिचं उत्तर कधी यायचं, कधी नाही. घरातला वाद मात्र त्याआधीच झालेला असायचा. आजीचं म्हणणं, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्याशिवाय पंढरी सोडायची नसते. वडिलांचं म्हणणं, रजा द्वादशीला संपते आणि शाळा जुलैतच उघडलेली असते. आषाढी कधी जूनच्या अखेरीस, कधी जुलैच्या उत्तरार्धात, त्यामुळे तडजोडही दर वर्षी नव्याने करावी लागे. बहुतेकदा वडील जिंकत. आजी एकादशीचा उपवास सोडून, चंद्रभागेचं पाणी बाटलीत भरून, तोंडातून शब्द न काढता छोट्या गाडीत बसे.

पुढे संगणक आला. नवी दिल्लीत १९८६ च्या सुमारास संगणकावरचं आरक्षण सुरू झालं आणि १९९९ मध्ये देशातली मोठी केंद्रं एकमेकांना जोडली गेली. दिल्लीच्या खिडकीवरून सोलापूर-दिल्ली तिकीट तिथल्या तिथे मिळू लागलं. इंटरनेटवरची विक्री २००२ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गही रुंद झाला. हे सगळं झालं तेव्हा आजी नव्हती, आणि बाई शाळेत शिकवत होत्या. दिल्लीच्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जुलैच्या सुरुवातीला भरतात, म्हणजे शिक्षकाला वारी जवळपास अशक्यच. आषाढीला त्या रामकृष्णपुरमच्या विठ्ठल मंदिरात जात. पुढे दिल्लीतली मराठी मंडळी एकादशीला कनॉट प्लेसहून या मंदिरापर्यंत टाळ-मृदंगासह चालू लागली. या वारीत दिवे घाट नाही, मुक्काम नाहीत. परतीची चिंताही नाही. रामकृष्णपुरमला २०१८ पासून मेट्रोची मॅजेंटा लाइन आहे. बुक्का लावलेले, तुळशीमाळा घातलेले लोक कार्ड टेकवून आत शिरतात आणि नोएडाची मंडळी बोटॅनिकल गार्डनला उतरतात. बाईंना हे फार सोपं वाटायचं. तक्रार नव्हे, पण सोपं.

२०२० आणि २०२१ साली तर पालखीलाच वाहन लागलं. करोनामुळे पायी सोहळा झाला नाही. पादुका सजवलेल्या एस.टी.तून पंढरपूरला गेल्या आणि एस.टी.तूनच परतल्या. त्यानंतर बाई निवृत्त झाल्या आणि माउलींच्या पालखीबरोबर स्वतः निघाल्या.

आता त्यांच्या जाणकारीचा खरा भाग. पंढरपूरहून दिल्लीला थेट सोयीची गाडी नाही, म्हणून वाटा तीन. एस.टी.ने सोलापूर गाठून कर्नाटक एक्सप्रेस. मिरजेला जाऊन गोवा एक्सप्रेस. किंवा पुण्याहून निघणारी झेलम, जी दौंड, नगर, मनमाड करत दिल्लीकडे जाते. बाईंची पसंती झेलमला, आणि त्यातही एका युक्तीसह: तिकीट पुण्याचं काढायचं आणि चढण्याचं स्टेशन दौंड लावायचं. गाडी जिथून सुटते तिथला कोटा मोठा, प्रतीक्षायादी लवकर हलते. मधल्या स्टेशनांच्या वाट्याला मोजक्या जागा, तिथली यादी जागची हलत नाही. भाडं किंचित जास्त पडतं. पण दौंडच्या फलाटावर सुजलेल्या पायांनी उभं असताना हातात पक्की बर्थ असणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळतं.

चौथी एक वाट भुसावळकरांनी सांगितली. आषाढीला मध्य रेल्वे नागपूर, अमरावती, खामगाव, भुसावळ, लातूर अशा ठिकाणांहून पंढरपूरसाठी खास गाड्या सोडते. भुसावळच्या गाडीने भुसावळ गाठलं, की दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्यांना तोटा नाही. अडचण एवढीच, की ती परतीला बहुधा एकादशीच्या रात्रीच निघते. ज्याला द्वादशीला उपवास सोडून, कळसाला हात जोडून निघायचंय, त्याच्या ती उपयोगाची नाही. रेल्वेला तिथी कळत नाही असं म्हणावं, तर तिथीवरूनच ती गाडी सुटते!

तारखांचं गणित आणखी मजेदार आहे. आगाऊ आरक्षणाची मुदत २०१५ पासून १२० दिवस होती; १ नोव्हेंबर २०२४ पासून ती ६० दिवसांवर आली. २०२५ ची आषाढी ६ जुलैला होती आणि माउलींच्या पालखीने आळंदी सोडली १९ जूनला. द्वादशीच्या दिवशीच्या गाडीचं आरक्षण मेच्या दुसऱ्या आठवड्यातच उघडलं. म्हणजे पहिलं पाऊल पडण्याच्या कितीतरी आधी घरी परतण्याची बर्थ ठरलेली. दिंडीतल्या इतर बायकांना याचं भारी हसू येतं. “माउली, पाय चालतील का ते ठाऊक नाही, आणि तुमची खिडकीची जागा पक्की?” असं एकीनं विचारलं होतं. बाईंनी उत्तर दिलं, “खिडकीची नाही, खालची बर्थ.”

पैशांचाही एक विनोद आहे. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं भाडं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच प्रवास फुकट. रेल्वेत ज्येष्ठांना मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती अजून परत आलेली नाही. त्यामुळे बाईंचा पंढरपूर ते स्टेशन हा प्रवास अर्ध्या तिकिटात होतो आणि स्टेशन ते दिल्ली पुऱ्या. शिवाय यात्रेत पंढरपूरचं नेहमीचं एस.टी. स्टँड पुरत नाही. २०२५ ला महामंडळाने ५,२०० जादा गाड्या जाहीर केल्या होत्या, आणि चंद्रभागा, भीमा, पांडुरंग, विठ्ठल अशा नावांची तात्पुरती बसस्थानकं गावाबाहेर उभी राहतात. कुठल्या विभागाची गाडी कुठून, हे आधी विचारून ठेवलं नाही तर वारीची शेवटची पायपीट या चार देवांभोवती होते. चाळीस जण गावातून एकत्र निघणार असतील तर त्यांच्यासाठी गाडी थेट गावातून मिळते. वैशालीतून चाळीस कुठून आणायचे?

२०२५ साली बाईंनी आजीची अट पाळायचं ठरवलं. १० जुलैला पौर्णिमा; काला होईपर्यंत थांबल्या. एकादशीला जिथे पाऊल ठेवायला जागा नव्हती, तिथे चार दिवसांनी रिकामे मांडव, रिते टँकर आणि गाठोडी बांधणारी माणसं. आणि त्याच दिवशी त्यांनी ते पाहिलं, जे द्वादशीची गाडी पकडणाऱ्याला कधीच दिसत नाही: पालखी परत निघाली. पायीच. येताना लागतात त्याहून पुष्कळ कमी दिवसांत, लांबलांब मजला मारत, वाखरी, वेळापूर, नातेपुते, फलटण करत ती आळंदीला पोचते. येताना लाखो, जाताना बरोबर मोजकी माणसं. बाकी सगळे एस.टी.त. माउलींना सोडायला साऱ्या महाराष्ट्राला वेळ आहे, घरी पोचवायला नाही, असं मनात येतं. पण पेरण्या खोळंबलेल्या असतात, हेही खरं.

बाई मात्र मिरजेकडे निघाल्या, कारण त्या खेपेला झेलममध्ये जागा मिळाली नव्हती. दोन रात्री गोवा एक्सप्रेसमध्ये काढून पहाटे निजामुद्दीनला उतरल्या आणि पिंक लाइन धरून आनंद विहारला आल्या. त्रिलोकपुरीजवळचा अडलेला तुकडा २०२१ मध्ये जोडला गेल्यापासून हा रस्ता सरळ झालाय. आनंद विहारला उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या बसगाड्यांचा मोठा अड्डा आहे, आणि त्या सकाळी तो भगव्या टी-शर्टांनी फुलून गेला होता. हरिद्वारला निघालेले कांवडिये.

उत्तरेत महिने पौर्णिमेला संपतात. आपला आषाढ वद्य पंधरवडा म्हणजे त्यांचा श्रावण. पालखी पंढरपूरहून आळंदीला परत चालत असते, नेमके त्याच दिवसांत दिल्ली, गाझियाबाद, मेरठचे लोक हरिद्वारहून गंगाजळ घेऊन आपापल्या गावाकडे चालत येतात. अंतरही सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. फरक दिशेचा. ते बसने जातात आणि चालत परततात; कांवड खांद्यावरून जमिनीवर टेकवायची नाही, आणि शिवरात्रीला घराजवळच्या महादेवावर जल चढवायचं. गाझियाबादकर दूधेश्वरनाथाला. त्यांची यात्रा घरी पोचली की संपते. परतीचं तिकीट हा प्रकारच नाही. चालू न शकणाऱ्यांची मात्र पंचाईत: मेरठचा रस्ता कांवडींसाठी बंद होतो, बसगाड्या लांबच्या वळणाने जातात.

रांगेतल्या एका पोरानं बाईंच्या गळ्यातली माळ आणि पिशवीतली पताका पाहून विचारलं, “आंटी, कहाँ से?” बाईंनी सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं. “पैदल गईं और रेल से लौटीं? उल्टा है जी आपका.” मग त्यानं त्यांची पिशवी उचलून वैशालीच्या मेट्रोपर्यंत आणून दिली, आणि आपली बस सुटेल म्हणून पळत गेला.

ते ‘उल्टा’ बाईंच्या डोक्यात राहिलंय. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून आषाढी २५ जुलैला. त्यांचा बेत असा: काल्यानंतर पालखीबरोबर परत निघायचं आणि फलटणच्या पुढे पाडेगावच्या मुक्कामापर्यंत चालायचं. तिथून नीरा स्टेशन जवळ आहे. नीरेहून पुण्याला येणाऱ्या गाडीने पुणे, आणि पुण्याहून झेलम. गाडी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली, म्हणजे आरक्षण जूनच्या सुरुवातीला, ऐन अधिक महिन्यात उघडणार. मुलाचं म्हणणं, पाडेगावला पोचायला उशीर होऊ शकतो, एक दिवस पुढचं तिकीट काढ. बाई म्हणतात, दोन दिवस. पावसात नीरेकाठी दोन दिवस काय करणार, असं तो विचारतो. यावर अजून बोलणं चालू आहे.